जुन्या टर्बो कूपेचे सगळे होज बदलायचेत, सिलिकॉन घ्यावेत की ओरिजिनल रबर?

कूपेवाला

नमस्कार मंडळी, गाडी १९९१ ची आहे, दोन लिटर, चार सिलिंडर, एकच टर्बो, पुढे बंपरमागे टर्बोची गरम हवा गार करणारा इंटरकूलर. इंजिन उघडलेलं नाही, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं सारखं आहे, प्लग नवीन आहेत. पण तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली की आधी पुढून फुस्स असा आवाज येतो, मागे काळा धूर दिसतो आणि बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) दाखवणाऱ्या गेजचा काटा जो ०.७ बारला जायला पाहिजे तो ०.५ च्या पुढे सरकतच नाही. आयडलला पण खालीवर होते, विशेषतः इंजिन गार असताना.

बॉनेट उघडून हाताने चाचपून बघितलं. टर्बोतून निघून इंटरकूलरकडे जाणारा होज बाहेरून चांगला काळाभोर दिसतो पण क्लॅम्पजवळ एकदम कडक झालाय आणि मधे दाबला तर मऊ, पचपचीत लागतो. इनटेकच्या मागच्या बाजूच्या व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या तर जरा वाकवल्या तरी तडकतायत. म्हणून ठरवलंय की एकेक न बदलता सगळंच रबर नवीन करायचं. मोठे होज सिलिकॉनचे घ्यावेत असं मनात आहे, पण ओरिजिनल मोल्डेड रबरच घ्या म्हणणारेही खूप भेटतात. आणि सुरुवात कुठून करू? मोठे होज आधी, की बारीक नळ्या?

पाना_पकड

सुरुवात काहीच विकत न घेता कर. आधी प्रेशर टेस्ट. कुठून हवा जाते ते कळल्याशिवाय होज बदलत सुटलास तर शेवटी लीक इंटरकूलरच्या वेल्डमध्ये किंवा थ्रॉटलच्या शाफ्टमध्ये निघतं आणि नवे होज लावूनही गाडी तशीच राहते.

तू लिहिलेली लक्षणं मात्र बोलकी आहेत. तुझ्या गाडीत एअरफ्लो मीटर असणार, म्हणजे आत येणारी हवा टर्बोच्या आधीच मोजली जाते. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या मोजलेल्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल सोडतो. मधे होजला भेग असली की बूस्टवर हवा बाहेर निघून जाते पण पेट्रोल तेवढंच पडतं, म्हणून मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त) आणि मागे काळा धूर. आयडलला उलटं होतं. तेव्हा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपात, व्हॅक्यूम असतो, त्यामुळे थ्रॉटलच्या पुढे कुठे भेग असेल तर न मोजलेली हवा आत ओढली जाते, मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी) होतं आणि आरपीएम खालीवर. तुला दोन्ही होतंय म्हणजे लीक एक नाहीये. ज्या गाड्यांत मीटर नसून मॅप सेन्सर असतो त्यांच्यात बूस्ट लीकने असा काळा धूर येत नाही, फक्त गाडी मरगळते, कारण सेन्सर मॅनिफोल्डमधलं खरं प्रेशर वाचत असतो.

टेस्ट अशी कर. एअरफ्लो मीटर सोडवून बाजूला ठेव, त्यातून हवा भरायची नाही. टर्बोच्या तोंडावर जो सक्शनचा होज येतो त्याच्या मोकळ्या टोकात घट्ट बसणारं बूच बसव, बुचाला हवेचा वॉल्व्ह आणि मागे रेग्युलेटर. आणि हे विसरू नकोस, क्रँककेसचा ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागातली वाफ बाहेर नेणारी नळी, जिथे सक्शन होजला येऊन मिळतो तिथे तो काढून दोन्ही तोंडं बंद कर, नाहीतर हवा थेट क्रँककेसमध्ये जाईल आणि जुने ऑइल सील बाहेर ढकलले जातील. मग हळूहळू ०.३ बार, सगळं ठीक वाटलं तर ०.५. त्यापुढे जायची गरज नाही. बुचासमोर तोंड धरून उभं राहायचं नाही, ते सुटलं तर गोळीसारखं येतं. साबणाचं पाणी स्प्रे करत पुढून मागे जा, फेस कुठे येतो बघ. थोडी हवा उघड्या वॉल्व्हमधून एक्झॉस्टला आणि रिंगमधून क्रँककेसला जाणारच, ते लीक समजू नको.

कूपेवाला

काका, टेस्ट केली. ०.३ बारलाच तीन ठिकाणी सापडलं. एक, टर्बोच्या आउटलेटवरचा तोच होज, क्लॅम्पच्या खालून फेस येतो, क्लॅम्प आवळला तरी थांबत नाही. दोन, आयडल कंट्रोल वॉल्व्हला जाणारा वाकडा होज, खालच्या बाजूने उभी भेग आहे जी वरून दिसतच नव्हती. तीन, फ्युएल प्रेशर रेग्युलेटरवरची बारीक नळी, निपलजवळ फाटलीये. इंटरकूलर आणि थ्रॉटल ठीक आहेत.

तर मोठा होज आजच मागवतो, तो एक बदलला की बूस्ट तरी पूर्ण येईल आणि बाकीचं नंतर निवांत करता येईल. बरोबर ना?

पाना_पकड

नाही, थांब. उलट क्रमाने कर. त्या तीनमध्ये सगळ्यात धोक्याची ती बारीक नळी आहे.

रेग्युलेटरचं काम काय, तर इंजेक्टरच्या आतलं पेट्रोलचं प्रेशर आणि बाहेर मॅनिफोल्डमधलं हवेचं प्रेशर यातला फरक कायम ठेवणं. समज बेस प्रेशर ३ बार आहे. बूस्ट ०.७ आला की रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीतलं प्रेशर, ३.७ व्हायला पाहिजे, आणि ते होतं त्या नळीतून बूस्ट रेग्युलेटरच्या डायफ्रामपर्यंत पोचतो म्हणून. नळी फाटलेली असेल आणि बूस्ट पोचलाच नाही तर रेल ३ वरच राहतं, बाहेरून ०.७ उलटा दाब, म्हणजे इंजेक्टरवर फरक उरला २.३. पेट्रोल या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जातं, हिशोब केलास तर साधारण १२ टक्के पेट्रोल कमी पडतं. आणि कमी कधी पडतं तर पूर्ण बूस्टवर, जेव्हा इंजिनला ते सगळ्यात जास्त लागतं. त्याने नॉकिंग होतं, म्हणजे मिक्स्चर अवेळी पेटतं, आणि पिस्टन जातात.

आता बघ, तुझ्या गाडीत सध्या मोठ्या होजच्या लीकमुळे मिक्स्चर रिच होतंय आणि या नळीमुळे लीन होतंय. दोन बिघाड एकमेकांना झाकतायत, म्हणून इंजिन अजून शाबूत आहे. मोठा होज नवा घातलास आणि नळी तशीच ठेवलीस तर बूस्ट पूर्ण येईल, काळा धूर थांबेल, गाडी पळतेय म्हणून तू खूश होशील आणि आत मिक्स्चर लीन झालेलं असेल. म्हणून आधी बारीक नळ्या सगळ्या, मग मोठे होज, आणि तोवर रेस देऊ नकोस. नळी काढशील तेव्हा तिला पेट्रोलचा वास येतो का किंवा आत ओल आहे का तेही बघ. असेल तर रेग्युलेटरचा डायफ्राम फाटलाय आणि नुसती नळी बदलून भागणार नाही.

कूपेवाला

हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. गाडी उभी केलीये. नळी कोरडी आहे, वास नाही.

रोटरीवेडा

बारीक नळ्यांवर माझंही ऐका कारण माझं निम्मं आयुष्य त्याच्यात चाललंय. माझ्याकडे नव्वदच्या दशकातली माझदाची एफडी आरएक्स-७ आहे, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्यात दोन टर्बो आहेत आणि ते एकापाठोपाठ कामाला लागतात, आधी एकटा पहिला आणि वरच्या आरपीएमला दुसरा, आणि हा सगळा खेळ व्हॅक्यूम आणि प्रेशरवर चालणाऱ्या वॉल्व्हांचा, त्यासाठी मॅनिफोल्डखाली सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या छोट्या वॉल्व्हांची) रांग, चेक वॉल्व्ह आणि डझनावारी बारीक नळ्या. एक नळी जरी चुकीच्या निपलवर गेली तरी दुसरा टर्बो वेळेवर उठत नाही आणि कारण शोधायला परत सगळं वरून काढायला लागतं.

तर कूपेवाला भाऊ, सगळ्या नळ्या एकदम काढून टेबलावर ढीग करू नका. आधी बॉनेटच्या आतल्या बाजूला व्हॅक्यूम डायग्रामचा स्टिकर आहे का बघा, जुन्या गाड्यांना बहुतेक असतो, त्याचा फोटो. मग प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेप लावून एकच नंबर लिहा, परत फोटो, आणि मग एक काढायची, तेवढीच लांब आणि आतून तेवढ्याच मापाची नवी कापायची, लावायची, मग पुढची. आतलं माप बहुतेक ३, ४ किंवा ६ मिमी असतं पण अंदाजाने घेऊ नका, निपलवर कॅलिपर लावा. वेस्टगेट अ‍ॅक्च्युएटरच्या नळीची लांबी तर अजिबात बदलू नका, नळी लांब आणि जाड झाली की आतली हवेची जागा वाढते आणि अ‍ॅक्च्युएटर उशिरा हलतो.

आणि जुनी नळी पक्कड लावून ओढायची नाही. निपल प्लास्टिकचे असतात आणि तीस वर्षं उष्णतेत राहून ते ठिसूळ झालेले असतात, निपल आत मोडला की अख्खा सोलेनॉइड बदला. ब्लेडने नळीला उभी चीर द्या आणि सोलून काढा. प्लास्टिकचे टी आणि जॉइंटसुद्धा याच वेळी नवीन घाला, ते सोडून नुसत्या नळ्या बदलण्यात अर्थ नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुनी नळी फेकण्याआधी प्रत्येक नळी बोटांनी दाबत दाबत शेवटपर्यंत तपासा. बूस्ट कंट्रोलच्या नळीत आतमध्ये पितळेची एक छोटीशी गोळी असू शकते, मधोमध बारीक भोक असलेली. ती रिस्ट्रिक्टर आहे, कचरा नाही. वेस्टगेटला, म्हणजे बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेला, किती हवा आणि किती वेगाने पोचावी हे ती ठरवते आणि ईसीयूचं बूस्ट कंट्रोल त्या भोकाच्या हिशोबाने बसवलेलं असतं. ती बाहेरून दिसत नाही, नळीबरोबर फेकली जाते, मग बूस्ट कमी राहतो आणि माणूस टर्बो खराब झाला म्हणून तो उतरवतो.

चेक वॉल्व्हही तसेच. तोंडाने फुंकून बघा, एका बाजूने हवा गेली पाहिजे, दुसरीकडून अजिबात नाही. ब्रेक बूस्टरच्या नळीतला चेक वॉल्व्ह तर टर्बो गाडीत नक्की तपासा, तो उघडा राहिला तर बूस्ट ब्रेक बूस्टरमध्ये शिरतो.

पॉलिमरवाली

मी रबराच्या क्षेत्रात काम करते म्हणून मटेरियलवर लिहिते. मूळ प्रश्न सिलिकॉन की रबर असा होता, पण माझ्या मते प्रश्नच वेगळा विचारायला हवा. त्या होजच्या आतून काय जातं आणि तिथे तापमान किती असतं, हे दोन कळलं की मटेरियल आपोआप ठरतं. एकाच गाडीत चार वेगळी मटेरियल योग्य असू शकतात.

टर्बोच्या आउटलेटचा होज घ्या. ०.७ बार बूस्टला हवा १.७ पट दाबली जाते, बाहेर ३० डिग्री असेल आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता सत्तर टक्क्यांच्या आसपास धरली तर हवा बाहेर पडताना शंभर डिग्रीला पोचलेली असते, वर शेजारच्या टर्बाइन हाउसिंगची आच वेगळी. शिवाय या हवेत क्रँककेस ब्रीदरमधून आलेली तेलाची वाफ असते. म्हणजे या होजला उष्णता पण सोसायची आहे आणि तेल पण. साधं सिलिकॉन उष्णतेला उत्तम, १८० डिग्रीपर्यंत त्याला काही होत नाही, पण तेल त्याला चालत नाही. तेल आत मुरतं, फुगतं, थर सुटायला लागतात आणि बाहेरून तेलकट घाम आल्यासारखं दिसतं. म्हणून इथे आतून फ्लुरोसिलिकॉनचा थर असलेला सिलिकॉन होज घ्या. तो थर बहुतेक वेगळ्या रंगाचा असतो, कापलेल्या टोकाकडे बघितलं की दिसतो. आत कापडाचे तीन किंवा चार थर असावेत, आणि गरम बाजूला ते कापड पॉलिएस्टरपेक्षा अ‍ॅरामिडचं असलेलं चांगलं.

इंटरकूलरनंतरची बाजू गार असते, तिथे एवढं कशाची गरज नाही. ओरिजिनल रबरही तिथे आरामात टिकतं.

कूलंटचे होज ईपीडीएम रबराचे असतात, पाणी आणि ग्लायकॉलला ते छान पण तेलाला अजिबात नाही. वरून इंजिन ऑइल ठिबकत असेल तर कूलंटचा होज बाहेरून फुगतो, तेव्हा होज बदलण्याआधी तो तेलाचा थेंब कुठून पडतो ते बघा. आणि उरलेला सिलिकॉन होज पेट्रोलच्या लाइनला लावायचा मोह कधीही करू नका. सिलिकॉनमधून पेट्रोलची वाफ आरपार जाते आणि होज काही दिवसांत फुगून मऊ पडतो. टर्बोशेजारी पेट्रोलची वाफ म्हणजे आग. फ्युएल इंजेक्शनच्या लाइनला एसएई जे३०आर९ छापलेला होजच पाहिजे, त्याच्या आत फ्लुरोरबर असतं.

तुम्ही वर्णन केलंत ना, क्लॅम्पजवळ कडक आणि मधे पचपचीत, ती एकाच होजवरची दोन वेगळी म्हातारपणं आहेत. कडक झालाय तो उष्णतेने आणि ऑक्सिडेशनने, रबराच्या साखळ्या एकमेकींना जास्त जोडल्या गेल्या की लवचिकपणा जातो, मग क्लॅम्प कितीही आवळा, रबर पाइपच्या पृष्ठभागात बसतच नाही. मऊ झालाय तो तेल पिऊन. म्हणून होज नुसता बघून कळत नाही, वाकवून घडीच्या आत भेगा आहेत का बघायचं, दोन्ही टोकं आणि मधला भाग दाबून तुलना करायची, आणि काढल्यावर आत बोट फिरवायचं. आतला थर सुटून त्याचा पापुद्रा लोंबत असेल तर तो हवेच्या रस्त्यात पडदा होतो, आणि बाहेरून होज नवाकोरा दिसतो.

इनलाइन६

ताई मटेरियलचं पटलं, पण मी अजूनही ओरिजिनल मोल्डेड होजच्या बाजूने आहे आणि कारण मटेरियल नाही, आकार आहे. कारखान्याचा होज त्या गाडीच्या त्या वळणासाठी साच्यात बनवलेला असतो, कुठे भिंत जाड, कुठे पातळ, मधे एखादी घडी, सगळं इंजिन हलतं त्याचा विचार करून. इंजिन त्याला धरून ठेवणाऱ्या रबरी माउंटवर हलतं, रेस दिली की एका बाजूला कलतं, पण इंटरकूलर बॉडीला बोल्ट केलेला असतो, तो हलत नाही. हा सगळा फरक होजने सोसायचा असतो. चार थरांचा सरळ सिलिकॉन कपलर घेऊन किंचित वाकड्या पाइपांवर कोंबला तर तो फाटणार नाही पण सुटेल. बाजारात तयार सिलिकॉन किट मिळतात त्यातले निम्मे वाकवून बसवायला लागतात.

पॉलिमरवाली

आकाराचा मुद्दा अगदी बरोबर आहे. फक्त एक बघा, एवढ्या जुन्या गाडीचा ओरिजिनल होज मिळाला तरी तो कधी बनलाय ते तपासा. रबर पाकिटात पडून पण म्हातारं होतं. होजवर बहुतेक बनवल्याची तारीख किंवा कोड असतो. पंधरा वर्षं शेल्फवर राहिलेला नवा होज मी तरी गरम बाजूला लावणार नाही. गार बाजूला ताजा ओरिजिनल आणि गरम बाजूला त्याच आकाराचा, फ्लुरोसिलिकॉन आतून असलेला, असं मी करीन.

इनलाइन६

त्या आकारात मिळत असेल तर मान्य. नसेल तर मधे फुगीर कंगोरा असलेला कपलर घ्या, त्याला थोडी हालचाल झेपते, आणि दोन पाइपांच्या मधे थोडी जागा ठेवा म्हणजे ते एकमेकांवर आपटणार नाहीत. आणि माउंट बघा! माउंट बसले असतील तर कुठलाही होज तिथेच फाटणार. बॉनेट उघडं ठेवून, कोणालातरी ब्रेक दाबून हलकी रेस द्यायला सांगा आणि इंजिन किती उडतं ते बाजूला उभं राहून बघा.

पहिलीच_टर्बो

मधे विचारते, माफ करा. माझी पण जुनीच टर्बो आहे. सिलिकॉन होज घातला पण तो बूस्टवर दोनदा निसटला, क्लॅम्प तर घट्ट होता. साधे स्क्रूवाले क्लॅम्प आहेत. काय बदलू?

इनलाइन६

६० मिमीचा होज असेल तर ०.७ बारला तो पाइपवरून ढकलला जातो साधारण २० किलोच्या जोराने, १ बारला २९. हा जोर प्रत्येक वेळी बूस्ट आला की लागतो आणि सुटतो. तेव्हा पहिली गोष्ट, पाइपच्या टोकाला उंचवटा आहे का? गोल फिरवून काढलेली कड असते ती. गुळगुळीत पाइपवर कुठलाच क्लॅम्प फार टिकत नाही. कड असेल तर क्लॅम्प कडेच्या मागे बसला पाहिजे, कडेवर नाही.

दुसरं, साध्या स्क्रू क्लॅम्पच्या पट्टीला खाचा असतात आणि त्या खाचांमधून सिलिकॉन चिरडून वर येतं, कापलं जातं. आतून गुळगुळीत पट्टी असलेला क्लॅम्प घ्या किंवा टी-बोल्ट. टी-बोल्टवाल्यात स्प्रिंग असलेला मिळतो, तो सगळ्यात चांगला, कारण इंजिन गरम गार होताना होज फुगतो आकसतो आणि स्प्रिंग तो फरक भरून काढते. तिसरं, बसवताना तेल किंवा ग्रीस लावलं होतं का? लावलं असेल तर दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बसवायला पण तेच थोडं लावा, ते उडून जातं आणि होज कोरडा घट्ट बसतो.

पहिलीच_टर्बो

पाइपला कड आहे पण क्लॅम्प नेमका तिच्यावरच होता. आणि ग्रीस पण लावलेलं होतं गॅरेजने. सगळं काढून पुसून परत बसवते, धन्यवाद दादा.

कूपेवाला

छान चाललंय, मला आणखी एक विचारायचंय. सगळं उघडं आहेच तर टर्बोच्या तेलाच्या आणि पाण्याच्या नळ्या पण आत्ताच करू का? तेल परत जाणारा छोटा रबरी होज कडक वाटतोय.

पाना_पकड

कर, आणि त्यातही तो परतीचा होज आधी. टर्बोमधून तेल खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, नुसतं आपल्या वजनाने उतरतं, मागे पंपाचा जोर नसतो, आणि ते फेसाळलेलं असतं. म्हणून तो होज जाड असतो आणि सगळीकडून खालीच उतरत गेला पाहिजे, मधे कुठे पोट नको, वळसा नको, आतून जरा पण बारीक नको. तो दबला किंवा आत पापुद्रा सुटला की तेल टर्बोत तुंबतं आणि सीलमधून बाहेर पडतं, निळा धूर येतो, लोक टर्बो गेला म्हणतात आणि टर्बो चांगला असतो. तिथे फ्लुरोरबरचाच होज, साधा कूलंटचा तुकडा कापून लावू नको.

तेल येण्याची लाइन बँजो बोल्टची, म्हणजे आतून तेल जाणाऱ्या पोकळ बोल्टची असेल तर तांब्याचे वॉशर नवीनच, जुने परत वापरायचे नाहीत. बँजोचं भोक साफ आहे का बघ, तिथे जळलेलं तेल साचतं. जोडून झाल्यावर इंजिन लगेच चालू करायचं नाही. इग्निशन आणि फ्युएल बंद ठेवून स्टार्टर मार, ऑइल प्रेशर आलं की मग चालू कर, नाहीतर टर्बोचं बेअरिंग सुरुवातीला कोरडं फिरतं.

पाण्याच्या नळ्या पण कर. इंजिन बंद केल्यावर टर्बोमधली उष्णता त्या पाण्यातूनच बाहेर पडते, म्हणून त्या सगळ्यात भाजल्या जातात. पोर्शे ९४४ टर्बोमध्ये तर इंजिन बंद झाल्यावर टर्बोतून पाणी फिरवायला वेगळा इलेक्ट्रिक पंप दिलाय, आणि तिथे टर्बो इनटेक मॅनिफोल्डच्या खाली असल्यामुळे ते होज गाठायलाच मॅनिफोल्ड काढावं लागतं. अशा गाडीत मॅनिफोल्ड एकदा निघालं की खालचं सगळं रबर त्याच वेळी बदलायचं. पाणी भरल्यावर हवा नीट काढ, हीटर गरमवर ठेवून.

रोटरीवेडा

९४४ वरून आठवलं, सक्शनच्या बाजूच्या होजकडे पण बघा. त्या गाडीत एअरफ्लो मीटर ते टर्बो असा एक वाकडा रबरी होज आहे, ते लोक त्याला जे-बूट म्हणतात, आणि तो खालच्या वळणाला तडकतो जिथे काही दिसत नाही. तुमच्या गाडीत पण तसाच एक असणार. तिथे भेग पडली तर न मोजलेली हवा आत जाते, आणि फिल्टरमधून न आलेली धूळ थेट कॉम्प्रेसरच्या पात्यांवर. इथे मऊ सिलिकॉन घालू नका, पूर्ण रेसवर टर्बो एवढ्या जोरात ओढतो की होज आत दबतो, वरच्या आरपीएमला गाडी गुदमरते आणि उभी असताना तपासलं तर सगळं ठीक दिसतं. आत तारेची स्प्रिंग असलेला घ्या किंवा ओरिजिनल जाड रबर.

कूपेवाला

झालं सगळं, सविस्तर लिहितो.

आधी बारीक नळ्या, एकेक करून, नंबर टाकून. रोटरीवेडा दादा, तुम्ही सांगितलेली पितळी गोळी खरंच होती! बूस्ट सोलेनॉइडच्या आधीच्या नळीत, बाहेरून काहीच पत्ता लागत नव्हता, बोटाने दाबत गेलो तेव्हा कडक लागली. चीर देऊन काढली, भोक तेलाने अर्धं भरलं होतं, कार्ब क्लीनरने साफ करून नव्या नळीत त्याच जागी, त्याच दिशेने बसवली आणि दोन्ही बाजूंनी छोट्या स्प्रिंग क्लिप लावल्या. ब्रेक बूस्टरचा चेक वॉल्व्ह दोन्हीकडून हवा सोडत होता, नवीन घातला. रेग्युलेटरच्या नळीला दुसरं काहीच जोडलेलं नाही, थेट मॅनिफोल्डवर आहे.

मग तेल आणि पाणी काकांनी सांगितलं तसं. परतीचा होज कापून बघितला तर आतलं भोक एका बाजूने सुजून बारीक झालं होतं.

मोठ्या होजमध्ये गरम बाजूला ओरिजिनल आकाराचा, आतून फ्लुरोसिलिकॉनचा घेतला, गार बाजूला ओरिजिनल रबर, तारीख बघून. सक्शनला ओरिजिनलच. इंटरकूलर उतरवून आतलं तेल धुवून पूर्ण वाळवला. मग परत प्रेशर टेस्ट, ०.५ बारला कुठेही फेस नाही.

रेस द्यायच्या आधी मिक्स्चर मोजणारा वाइडबँड सेन्सर लावला आणि रेलवर प्रेशर गेज. बूस्ट आता ०.७ ला जाऊन तिथेच थांबतो, रेल प्रेशर त्याच्याबरोबर ३.७ ला, मिक्स्चर पूर्ण बूस्टवर लॅम्ब्डा ०.८० च्या आसपास, म्हणजे रिच बाजूला. धूर नाही. आयडल स्थिर आहे, गार असताना पण. टर्बो लवकर उठतो हे सीटमध्ये बसल्या बसल्या जाणवतं, काय सुंदर गाडी आहे ही!

एकच शंका, क्लॅम्प परत आवळायचे का? आणि इंजिन गरम असताना की गार?

पाना_पकड

शाब्बास, वाइडबँड लावून बघितलंस ते फार बरं केलंस. क्लॅम्प गार इंजिनवर. गरम असताना होज फुगलेला असतो, तेव्हा आवळलास तर गार झाल्यावर ढिला पडेल. थोडं चालवून इंजिन नीट तापू दे, रात्रभर गार होऊ दे आणि सकाळी एकदा सगळे तपास. सिलिकॉन पहिल्यांदा थोडं बसतं, तेवढं घे, पण रबर पट्टीच्या बाजूने फुगून येईपर्यंत आवळू नको. स्प्रिंगवाले असतील तर त्यांना हात लावायची गरज नाही. आणि बँजोच्या खाली कागद ठेवून बघ, तेलाचा थेंब पडतोय का.

कूपेवाला

सकाळी बघितलं काका. गरम बाजूचे दोन क्लॅम्प पाव फेरा आवळले गेले, बाकीचे होते तिथेच आहेत. कागद कोरडा आहे. जुनी परतीची नळी उभी कापून फोटो काढलेत, खाली टाकतो, निळा धूर येतो म्हणून कोणी टर्बो उतरवायला निघालं असेल त्याने आधी हे बघावं.

पहिलीच_टर्बो

फोटो बघितले, माझाही परतीचा होज उद्या काढून बघते. धूर थोडा निळसरच आहे.

पाना_पकड

काढशील तेव्हा ब्रीदरची नळी पण बघ ताई. ती चोंदली तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि परतीचा होज कितीही नवा असला तरी तेल खाली उतरत नाही. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण जरा सैल करून बघ, खालून हवा जोरात ढकलत असेल तर आधी ब्रीदर.